काना काढला की आई पण जाते

मागच्या महिन्यात पहिलीतल्या भाचीचा अभ्यास घेताना तिच्या पुस्तकातली ती सुरुवातीची वाक्यं खूप वर्षांनी नजरेला पडली, काना मात्रा वेलांटी काहीच शिकायच्या आधीची. अमर घर बघ. गगन झरझर चल. (ही माझी बनवलेली, पण छाप तीच.) आणि एकदम लक्षात आलं की या धड्यांमध्ये सगळे जण एकमेकांना नुसत्या ऑर्डरी सोडत असतात! कारण साधं आहे, मराठी क्रियापदाला काळ लावायचा तर काहीतरी लटकवावंच लागतं, बघतो, बघेल, बघितलं, बघावं, सगळीकडे काना नाहीतर मात्रा नाहीतर वेलांटी. मोकळं राहतं ते जवळजवळ एकच रूप, आज्ञार्थी, तेही अरेतुरेतलं. बघ. चल. बस. धर.

त्या रात्री गंमत म्हणून याच नियमात एक गोष्ट लिहायला घेतली. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी उकार अनुस्वार काही नाही. डोक्यात बदक आणि मगर होते, कारण दोघंही नियमात बसतात आणि भाचीला आवडले असते. अर्ध्या तासाने कागदावर हे होतं:

उठ. घर झटक. नजर लपव. मत लपव. वय लपव. हसत बस. दम धर. परत हसत बस.

बदक कुठे गेलं माहीत नाही. हे कोण कोणाला सांगतंय हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, हा आवाज आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो. पण एरवी तो मला असा कधीच पकडता आला नसता, एरवी मी हे ऐकणाऱ्या बाईची घालमेल लिहिली असती, तिच्या डोळ्यांतलं पाणी लिहिलं असतं. आता कानाच नाही म्हटल्यावर पाणी कुठून आणणार.

तर मुद्दा हा की नियम मी घातला, नियमाने क्रियापद निवडलं, क्रियापदाने बोलणारा माणूस आणला आणि त्या माणसाने गोष्ट आणली. मी फक्त बसून होते नव्हते ते शब्द गोळा केले.

लोक म्हणतात लिहायचं तर मोकळं सोडा स्वतःला, मनात येईल ते उतरू द्या. माझ्या मनात काय येतं हे मी जुन्या फायली उघडून बघितलंय. पाऊस येतो. खिडकी येते. 'कुठेतरी खोलवर' येतं, आणि वाक्याच्या शेवटी तीन टिंबं येतात. दहा वर्षांच्या फायली, प्रत्येक वेळी मोकळं सोडल्यावर मी त्याच खिडकीशी. याला स्वातंत्र्य कसं म्हणायचं, ही तर पाठ झालेली वाट. रेमों कनो नावाच्या फ्रेंच लेखकाने १९३० च्या दशकातच हे फार नेमकं मांडून ठेवलंय, त्याचं म्हणणं साधारण असं की जो लेखक स्वतःला ठाऊक असलेले नियम पाळतो तो, मनात येईल ते लिहिणाऱ्यापेक्षा जास्त मोकळा असतो, कारण त्या दुसऱ्यावरही नियमांचंच राज्य असतं, फक्त त्याला ते माहीत नसतात. पुढे १९६० मध्ये याच कनोने फ्रान्स्वा ल लिओने या मित्राबरोबर उलिपो नावाचा गट काढला, लेखक आणि गणितवाले एकत्र, उद्योग एकच, नवे नवे नियम शोधायचे आणि त्यात काय काय लिहिता येईल ते बघायचं. कनोने स्वतः दहा सुनीतं अशी लिहिली की कुठल्याही सुनीताची कुठलीही ओळ दुसऱ्यातल्या त्याच क्रमांकाच्या ओळीच्या जागी बसते. ओळी चौदा, प्रत्येक ओळीला दहा पर्याय, म्हणजे एकावर चौदा शून्यं एवढ्या कविता. एक कोटी गुणिले एक कोटी. आपण कोटी कोटी म्हणतो ते उगाच, याने खरंच करून ठेवलं.

पण मला खरा हलवून गेला तो याच गटातला जॉर्ज पेरेक. १९६९ मध्ये त्याने जवळजवळ तीनशे पानांची कादंबरी लिहिली, ला दिस्पारिसियों, म्हणजे नाहीसं होणं, आणि तिच्यात 'ई' हे अक्षर एकदाही नाही. फ्रेंचमध्ये सगळ्यात जास्त लागणारं अक्षर हेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही वाटलं की काय हा रिकामटेकडेपणा, सर्कशीतला माणूस नाकावर काठी तोलतो तसं. मग पेरेकची हकीकत वाचनात आली. ज्यू कुटुंब. वडील १९४० मध्ये सैनिक म्हणून लढताना गेले, आईला १९४३ मध्ये ऑशविट्झला नेलं, ती परत आली नाही. आता फ्रेंचमध्ये 'ई' काढून बघा. बाप या शब्दात तो आहे, आई या शब्दात आहे, कुटुंब या शब्दात आहे. जॉर्ज पेरेक या नावात तो चार वेळा येतो. आणि या अक्षराचा फ्रेंच उच्चार 'ते लोक' या अर्थाच्या शब्दाच्या फार जवळ जातो. म्हणजे हा माणूस तीनशे पानं अशा भाषेत राहिला जिथे आई, बाप आणि स्वतःचं नाव उच्चारायलाच बंदी आहे. हे त्याने सरळ लिहिलं असतं तर कदाचित आणखी एक दुःखी आत्मकथन झालं असतं. इथे मात्र कोणी रडत नाही, अख्खी कादंबरी काहीतरी हरवलंय म्हणून शोधत फिरते आणि काय हरवलंय ते कोणालाच सांगता येत नाही.

याचा अनुवाद करताना स्पॅनिशवाल्यांनी 'ई' सोडून 'आ' वगळला, त्यांच्याकडे तो जास्त बोचतो. मराठीत कोणी करायला बसलं तर मी म्हणेन काना काढा. काना काढला की आई जाते, बाबा जातात, माझं जातं पण तुझं राहतं. राग जातो आणि दुःख राहतं. नाही जातं, आहे जातं. एवढी यादी करूनच मी वही मिटली, पुढे जायचा धीर नाही झाला.

हे सगळं फ्रेंच लोकांनी शोधलं असं मात्र नका समजू, आपल्याकडे हा नाद फार जुना. दंडीच्या दशकुमारचरित या संस्कृत गद्यकथेत सातव्या उच्छ्वासात, म्हणजे प्रकरणात, मंत्रगुप्त नावाचा कुमार आपली कहाणी सांगतो, आणि त्या अख्ख्या भागात प फ ब भ म नाहीत, ओठ जुळतील असं अक्षरच नाही. का? तर प्रेयसीने चावल्यामुळे बिचाऱ्याचे ओठ दुखतायत! हजाराहून जास्त वर्षांपूर्वीचं हे गद्य आहे आणि मला अजून हे कारण वाचून हसू येतं. नियम कथेच्या बाहेरून आलेला नाही, कथेतल्या माणसाच्या ओठावरच बसलाय.

मग आपले मोरोपंत (१७२९ ते १७९४). त्यांनी १०८ रामायणं लिहिली असं मानतात, त्यात एक 'परंतु रामायण' आहे (नावावरच जीव ओवाळावा) आणि एक 'निरोष्ठ रामायण'. निरोष्ठ म्हणजे ओठ न जुळवता म्हणता येईल असं. आता म हा ओष्ठ्य. म्हणजे रामायण लिहायचंय आणि राम म्हणायची सोय नाही. लक्ष्मण नाही, भरत नाही, कुंभकर्ण नाही. सीता चालते, दशरथ चालतो, लंका चालते. रामभक्त कवीने ही अडचण स्वतःहून ओढवून घ्यावी यात मला भक्तीइतकाच खोडकरपणा दिसतो, आणि एक वेगळीच गोष्टही दिसते, ज्याचं नाव घेता येत नाही त्याच्याकडे सारखं दुसऱ्या कुठल्या तरी बाजूने जावं लागतं, त्याच्या बापाकडून, बायकोकडून, त्याने केलेल्या कामांकडून. नाव घेऊन मोकळं व्हायची सोय नाही.

पण सगळेच खेळ मला पटतात असं नाही. भारवीच्या किरातार्जुनीय या संस्कृत महाकाव्यात पंधराव्या सर्गात एक श्लोक जवळपास नुसत्या 'न' या व्यंजनावर उभा आहे, थक्क व्हायला होतं, पण टीका वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही आणि अर्थ लागल्यावर हाताशी राहतं ते थक्क होणंच. मम्मटाने काव्यप्रकाश या काव्यशास्त्राच्या ग्रंथात चित्रकाव्याला, म्हणजे असल्या शब्दांच्या कसरतींना, खालच्या पायरीवर बसवलं ते मला बरेचदा योग्यच वाटतं. दंडीच्या कुमाराला ओठ आहेत, पेरेकला आई आहे. नुसता 'न' असेल तर काय करायचं त्याचं.

छंद हाही नियमच, पण तो इतका कानात बसलेला असतो की नियम वाटत नाही. मोठा अभंग बोटांवर मोजून बघा, सहा, सहा, सहा आणि मग चार. तो शेवटचा आखूड चरण आला की श्वास आपोआप थांबतो. आणि गझल लिहिणाऱ्यांना विचारा, काफिया म्हणजे यमक ठरलं की अर्धे विचार तेच सुचवतं, माणूस नंतर म्हणतो मला सुचलं.

शतशब्दकथेचं पण तसंच, मोजून शंभर शब्द. माझ्या पहिल्या कथेचे झाले एकशे एकेचाळीस. आधी 'अचानक' गेलं, मग 'हळूच', मग 'खरं तर' चार वेळा होतं ते सगळं गेलं. एकशे सात वर अडलं. शेवटी कळलं की शेवटचं अख्खं वाक्य, ज्यात मी गोष्टीचा अर्थ समजावून सांगितला होता, ते बरोबर सात शब्दांचं आहे. डॉ. स्यूसने तर प्रकाशकाशी पैज लावून फक्त पन्नास वेगवेगळ्या शब्दांत अख्खं मुलांचं पुस्तक लिहिलं, १९६० मध्ये, आणि ते अजून विकलं जातंय. ज्यांना नुसतं करून बघायचंय त्यांनी एक परिच्छेद 'आहे' आणि 'होतं' न वापरता लिहून बघा. 'आजोबा आजारी आहेत' लिहिता येत नाही म्हटल्यावर मग 'आजोबांनी तीन दिवसांत पेपर उघडला नाही' सुचतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त दिलं ते मात्र एका वेगळ्याच नियमाने. आन गारेता या फ्रेंच लेखिकेची १९८६ ची स्फिंक्स नावाची कादंबरी आहे, त्यात निवेदक आणि निवेदकाचं जिच्यावर किंवा ज्याच्यावर प्रेम आहे ती व्यक्ती, दोघांपैकी कोण पुरुष कोण बाई हे शेवटपर्यंत कळत नाही. मला वाटलं मराठीत करून बघू. आणि पहिल्याच ओळीला ठेच. मी गेलो की गेले? जातो की जाते? जायचो की जायचे? मराठीत तोंड उघडलं की माणूस पकडला जातो. मग चोरवाटा शोधायला लागल्या. मी केलं, पाहिलं, विचारलं, हे चालतं कारण तिथे क्रियापद कर्माशी जुळतं. मी करीन, जाईन चालतं. म्हणालो-म्हणाले अडकतं पण म्हटलं सुटतं. शिकणं आणि विसरणं कर्म असूनही दगा देतात. म्हणजे माझ्या निवेदकाला सफरचंद खाता येत होतं पण जेवता येत नव्हतं. आणि सगळ्यात मोठी चोरवाट म्हणजे 'मला'. मला राग आला, मला आठवलं, मला भीती वाटली, मला झोप लागली. (इथपर्यंत वाचताना माझ्याबद्दलही तुम्ही काहीतरी धरून चालला असाल. कशावरून ते एकदा वर जाऊन बघा.)

गोष्ट दोन माणसं वेगळी होतात त्याची होती. आधीच्या ड्राफ्टमध्ये निवेदकाने भांडून, दार आपटून निघून जायचं ठरलं होतं. आता दार आपटता येत होतं, 'मी दार आपटलं', पण आतूनच! कारण बाहेर पडायला क्रियापदच नाही. उठणं, निघणं, पोचणं, परतणं, सगळी हालचाल अकर्मक, सगळीकडे लो आणि ले. दहा पानं झाली आणि हा जीव त्याच खोलीत. राग येतो, आठवण येते, शंका येते, सगळं याच्याकडे येतं आणि हा जीव कुठेच जात नाही. आणि मग मला कळलं की अरे, हेच तर कारण होतं त्यांचं तुटण्याचं, जे आधीच्या तीन ड्राफ्टमध्ये मला सापडत नव्हतं आणि मी त्यासाठी एक प्रकरण, एक तिसरं पात्र, काय काय घुसवलं होतं. ते सगळं काढून टाकलं.

शेवटी मात्र निवेदकाला बाहेर काढायचं होतंच. 'पाय दाराकडे वळले' लिहून बघितलं, भिकार. 'मी उंबरठा ओलांडला' व्याकरणात चपखल बसत होतं, पण उंबरठा म्हटलं की वाचक लगेच बाईच ऐकतो, म्हणजे प्रत्यय लपवून काय उपयोग, शब्दालाच लिंग चिकटलेलं. उलिपोवाल्यांकडे याला एक औषध आहे, क्लिनामेन, म्हणजे मुद्दाम, एकाच जागी, नियम मोडायचा. पेरेकने १९७८ च्या त्याच्या मोठ्या कादंबरीत दहा बाय दहा अशा शंभर चौकटींची इमारत घेतली, बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीने तो एकेका चौकटीत जातो, आणि प्रकरणं आहेत ९९. एक कोपरा सोडून दिला. मी पण सोडून दिला, शेवटची ओळ दोन शब्दांची ठेवली, मी आणि एक क्रियापद. कोणतं ते इथे सांगत नाही. गोष्ट दोघांना वाचायला दिली होती. एकाला त्या शेवटच्या शब्दाने धक्का बसला आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचली. दुसरी म्हणाली मला तर पहिल्यापासून माहीत होतं, कशावरून विचारलं, तर म्हणे दार आपटलं त्यावरून.

बदक आणि मगर अजून राहिलेतच. भाचीला रविवारी हवेत. 'बदक, सरळ चल. मगर, गवत चघळ.' एवढं जमलंय, आता बदक पाण्यात कसं उतरवायचं हा प्रश्न आहे, तिथे पुन्हा काना आड येतो. बघू उद्या. डोळे मिटायला लागलेत, झोपायला चालले.