पाचवं कडवं

आठवीत आम्हाला मराठी शिकवायचे ते सर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचे. आपल्या अलिबागच्या पट्ट्यात त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष नि सात बायका वाचल्या, ही त्यांच्या पूर्वजांची कथा आम्हा कोळ्यांच्या पोरांनाही पाठ होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' हे नाव तर माझ्या आजीच्या तोंडी शेवटपर्यंत होतं.

त्या वर्षी सर ऑपरेशनसाठी मुंबईला गेले आणि बरेच दिवस आलेच नाहीत. परतले ते हातात मोठा डबा घेऊन. डब्यात मलिदा होता: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर केळ्याच्या चकत्या. "नवसाचा का सर?" कुणीतरी विचारलं. "नवसाचाच म्हण," सर म्हणाले. सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, दहा जाणत्या पुरुषांसमोर उभं राहून देवाचे आभार मानून आलो, हेही त्यांनी सांगितलं. मग खडू घेतला आणि व्याकरणाचा तास बाजूला राहिला. (परीक्षेत प्रयोगांवर आमची जी वाताहत झाली तिचं मूळ इथे आहे.)

तालमूद या त्यांच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात म्हटलंय की चौघांनी उघडपणे आभार मानायलाच हवेत: समुद्र पार करून आलेला, वाळवंट ओलांडून आलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. हे चौघे येतात बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकातल्या १०७व्या स्तोत्रातून, एकेका कडव्यात एकेक. सरांनी फळ्यावर चार रकाने पाडले. पहिले रानात वाट चुकलेले, उपाशी, तहानलेले. दुसरे अंधारात, बेड्यांत अडकलेले. तिसऱ्यांना अन्नाची शिसारी आलेली, मरणाच्या दारात पोचलेले. चौथे दर्यावर्दी. प्रत्येक रकान्यात ओळ तीच: संकटात त्यांनी देवाचा धावा केला आणि त्यानं त्यांना सोडवलं. "आता सांगा, यांत चूक कुणाची?" सरांनी विचारलं. आम्ही गप्प. त्यांनी दुसऱ्या नि तिसऱ्या रकान्यावर खुणा केल्या. कैदी देवाच्या शब्दाविरुद्ध गेले म्हणून कैदेत, आजारी आपल्याच अपराधांमुळे आजारी, असं स्तोत्रच म्हणतं. वाटसरूंचा आणि खलाशांचा मात्र काही दोष सांगितलेला नाही. तरी सुटका चौघांची सारखीच. सिनेगॉगमध्ये म्हटलेल्या आशीर्वचनातही देव 'लायक नसलेल्यांचंही भलं करणारा' आहे, हे सरांनी जाता जाता सांगितलं, आणि "मी कुठल्या रकान्यात, ते विचारू नका" असं म्हणून हसले.

चौथं कडवं ऐकताना माझे कान टवकारले. लाट गलबताला आभाळापर्यंत नेते, तळाशी आपटते, माणसं झिंगल्यासारखी झोकांड्या खातात आणि त्यांचं सगळं शहाणपण लाटांत बुडून जातं. हे लिहिणारा नक्की होडीत बसलेला असणार, असं मला वाटलं, अजूनही वाटतं. तांडेलाची सगळी अक्कल कधी संपते ते बंदरावर उभं राहून कळत नाही. आणि शहाणपण असं बुडवून झाल्यावर त्याच स्तोत्राच्या शेवटच्या, ४३व्या ओळीत म्हटलंय की जो शहाणा असेल त्यानं या गोष्टी ध्यानात घ्याव्यात आणि परमेश्वराचं वात्सल्य ओळखावं. सर त्यावर काही बोलले नाहीत, पण पेटीवर भजन म्हणावं तशी ती ओळ त्यांनी दोनदा म्हटली.

घरचा अभ्यास: पाचवं कडवं लिहून आणा. संकट, धावा, सुटका, आभार, याच क्रमानं. एकानं कार्ले खिंडीत बंद पडलेल्या एसटीवर लिहिलं. सरांचा शेरा: "धावा कंडक्टरने केला की प्रवाशांनी?" एकीनं गणितात काठावर पास झाल्याचं लिहिलं, ते सर्वांना पटलं.

मी लिहिलं ते माझ्या काकावर. तुफानात होडी गेली, धावा सगळ्या पाड्यानं केला, काका आला नाही. सुटका आणि आभार या दोन जागा कोऱ्या ठेवून वही दिली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी मला बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी त्याच पुस्तकातलं ८८वं स्तोत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यात माणूस रात्रंदिवस आकांत करतो आणि देवालाच विचारतो, तुझं वात्सल्य कबरेत सांगतील का? उत्तर येत नाही. स्तोत्र अंधारातच संपतं. "याला पण सुटका नाही," मी म्हणालो.

"नाही," सर म्हणाले. "आणि लिहिणारा कोण, माहीत आहे? हेमान. शलमोन राजा किती शहाणा होता हे सांगायला बायबलमधल्याच राजांच्या पुस्तकात ज्यांच्याशी त्याची तुलना केली, त्या शहाण्यांत या हेमानाचं नाव आहे. दुसरं नाव एथानाचं. आता पुढचं पान उलट." पुढचं, ८९वं स्तोत्र एथानाचं. सुरुवातच अशी की परमेश्वराच्या वात्सल्याची गाणी मी सदैव गाईन. "दोघांची स्तोत्रं शेजारी शेजारी ठेवलीत. कुणाचंही काढून टाकलेलं नाही."

वही परत मिळाली तेव्हा कोऱ्या जागा कोऱ्याच होत्या, त्यांवर लाल रेघ नव्हती. दहापैकी नऊ गुण. 'तुफान'मधला तु मी दीर्घ लिहिला होता, त्याचा एक गेला.