दसरा चौकातली बोर्डिंगं

टाऊन हॉलच्या बागेत पोचलो तर दाराला कुलूप. वार सोमवार, म्युझियमला सुट्टी. चूक माझीच. इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेला ब्राँझचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, पुन्हा एकदा बघायचा होता. वीतभरही नाही तो, पण रोमशी व्यापार करणारं जुनं कोल्हापूर त्याच्यामुळे एकदम खरं वाटतं. मग बाहेरूनच इमारतीला एक फेरी मारली. टोकदार कमानी, उभी उतरती छपरं. १८७२ ते १८७६ मधलं हे काम इंग्रज वास्तुकार मेजर मँटचं. समोरचं सीपीआर हॉस्पिटल त्याचंच आणि नवा राजवाडाही. ते फोटो सगळ्यांकडे असतात.

माझं खरं काम दसरा चौकात होतं. आजोबा शिरोळकडचे, शिकायला आले ते जैन बोर्डिंगात राहिले. तिथल्या पातळ आमटीला शेवटपर्यंत नावं ठेवायचे, आणि बोर्डिंगाला कुणी नावं ठेवली की भांडायचे.

१८९६ मध्ये शाहू महाराजांनी सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढलं होतं. पण तिथं ब्राह्मण मुलांचीच संख्या वाढत गेली, बहुजनांची पोरं टिकेनात. म्हणून १९०१ पासून एकेका समाजाचं बोर्डिंग उभं राहू लागलं: मराठा, जैन, लिंगायत, १९०६ मध्ये मुस्लिम. जातवार वसतिगृहं ही कल्पना आज कानाला खटकते, मलाही खटकायची. पण खेड्यातल्या पोराला शहरात भाड्याची खोली कोण देणार होतं?

दसऱ्याला इथंच सोनं लुटतात. एरवी मैदानात गाड्या लावलेल्या. एका बाजूला चित्रदुर्ग मठ, मधे महाराजांचा पुतळा. टपरीवाल्यानं विचारलं, "काय शोधतायसा पावनं?" म्हटलं, बोर्डिंग. "कुठलं? हितं सगळी बोर्डिंगंच हाईत."

मी आपला अंदाजानं एका इमारतीपुढे उभा राहिलो. पाटी वाढदिवसाच्या फ्लेक्सआड गेलेली. कठड्यावर तीन टॉवेल वाळत होते, पायरीवर एक मुलगा पुस्तक मांडीवर उघडं टाकून मोबाइलवर बोलत होता. गहिवरून फोटो काढला, बाबांना पाठवला. आजोबा याच पायऱ्यांवर बसले असतील वगैरे चार ओळीही लिहिल्या.

दोन मिनिटांत फोन आला.

"अरं, ते मुस्लिम बोर्डिंग हाय. जरा म्होरं जा."