वाळवंटात वाळवण

"तिकडचा उकाडा सोसलात कसा हो?" आफ्रिकेतल्या नामिबियात चार वर्षं काढली म्हटलं की पुढचा प्रश्न हाच. आईचा प्रश्न जरा वेगळा होता. निघताना म्हणाली, "वाळवंट ना? मग वाळवण छान होईल गो तुझं." आता तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं उत्तर एकदमच देते. चार वर्षांत आम्ही पंखा घेतला नाही, आणि वाळवण फक्त एकदा झालं.

आम्ही राहायचो ते स्वाकोपमुंड हे अटलांटिकच्या काठचं छोटं गाव, १८९२ साली जर्मनांनी वसवलेलं. पश्चिमेला समुद्र, बाकी तिन्ही बाजूंना नामिबचं वाळवंट. नकाशात ते मकरवृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे उष्ण कटिबंधातच आहे. तरी जानेवारीत, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, सकाळी भाजी आणायला निघताना मी स्वेटर घालायचे. डिसेंबरात राजधानी विंडहुकची माणसं साडेतीनशे किलोमीटर गाडी हाकत येतात, ती गारव्यासाठी.

हे सगळं समुद्राचं काम. मी गुहागरची, त्यामुळे समुद्र म्हणजे पाऊस हे डोक्यात पक्कं बसलेलं. तिथला समुद्र मात्र पाऊस अडवतो. बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेला वाहतो, शिवाय वाऱ्यामुळे खोलातलं गार पाणी वर येत राहतं. त्याला टेकलेली हवा गार होते, आणि तिच्या डोक्यावर कोरड्या, उबदार हवेचं झाकण. खालची हवा वर चढणारच नाही, तर पावसाचा ढग होणार कसा? बाष्प भरपूर असतं, पण त्याचं नुसतं धुकं होतं. वर्षाचा पाऊस साधारण २० मिलिमीटरच्या आत. एवढा तर आमच्याकडे जुलैत चहा उकळेपर्यंत पडतो. तिथे कित्येक घरांना पन्हळ नाही. एकदा जेमतेम दहा मिनिटं सर आली, तर शेजारीण घाबरीघुबरी होऊन बादली मागायला आली. गळक्या छपराखाली भांडी कुठे मांडायची, हे तिला मी शिकवलं. कोकणाचा तेवढा उपयोग झाला.

धुकं रात्री यायचं आणि सकाळी दहा-अकरापर्यंत मुक्काम ठोकायचं. तारेवरचे कपडे संध्याकाळी काढायचे राहिले की सकाळी पुन्हा पिळायचे. बिजागऱ्या गंजायच्या, मिठाच्या बरणीत एकच ढेकूळ. गावाबाहेरचे काही रस्तेही मिठाचे. मीठ आणि जिप्सम दाबून केलेले, दिसायला थेट डांबरी. धुक्याने ओले झाले की गाडी अशी घसरते की बोलायची सोय नाही. पण नामिबचा सगळा जीव याच धुक्यावर. एक काळा भुंगेरा वाळूच्या टेकडीवर चक्क शीर्षासन करतो. पाठीवर धुकं साचतं, त्याचे थेंब ओघळत तोंडाशी येतात आणि तो ते पितो.

आणि उकाडा? तो असतो, पण हिवाळ्यात! मे ते ऑगस्टमध्ये अधूनमधून पूर्वेचा वारा सुटतो. आतल्या उंच पठारावरून हवा किनाऱ्याकडे उतरते आणि उतरताना दाबली जाऊन तापते. सायकलीत हवा भरताना पंप गरम होतो ना, तसंच. कालपर्यंत कुडकुडणारं गाव एका दिवसात पस्तीस अंशांवर.

अशाच एका जुलैच्या सकाळी खिडकी उघडली तर धुक्याचा पत्ता नाही, लखलखीत ऊन. खिचडीसाठी साबुदाणा भिजवलेला होताच. तो शिजवला, गच्चीवर प्लास्टिक अंथरून, कडेला दगड ठेवून पळीपळीने पापड्या घातल्या. दुपारपर्यंत कडकडीत! आईला फोटो पाठवला, तिने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. संध्याकाळी चार तळल्या. फुलल्याही सुरेख. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबला. त्याच वाऱ्याने अर्धं नामिब आणून माझ्या पापड्यांत घातलं होतं.

आईला अजून सांगितलेलं नाही.