तुम्ही विचारलंत म्हणून: नाण्यांवरचे सद्गुण

रोमन सम्राट नाण्यांवर न्याय, निष्ठा, प्रेम कोरवून घेत आणि वागत भलतेच. मग या खोटेपणात तुम्ही एवढे काय पाहता, असे मला वारंवार विचारले जाते. हा प्रचार होता, हे मी कधीच नाकारलेले नाही. पण प्रचार म्हटले की विषय मिटला, हे मला पटत नाही. अँटोनायनस पायसच्या देनारियसवर, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्यावर, न्यायदेवता हाती तराजू घेऊन उभी आहे आणि तो सम्राट भरलेला खजिना मागे ठेवून गेला. त्यालाही खोटे ठरवायचे का?

मात्र इ. स. 238 मधील एका नाण्यापुढे माझा युक्तिवाद अडखळतो. सिनेटने त्या वर्षी प्युपिएनस आणि बाल्बिनस या दोघांना एकाच वेळी सम्राटपदी बसवले. प्युपिएनसच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला किरणांचा मुकुट घातलेला त्याचा लांब दाढीचा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांत गुंतलेले दोन उजवे हात; भोवती ‘अमोर म्युच्युअस’, म्हणजे परस्परप्रेम. बाल्बिनसच्या नाण्यावर तेच हात, पण शब्द परस्परनिष्ठेचे. नाण्याची किंमत दोन देनारियस ठरवलेली, चांदी मात्र जेमतेम दीड देनारियसची. सुमारे तीन महिन्यांनी प्रेटोरियन रक्षक, म्हणजे सम्राटांचेच अंगरक्षक, राजवाड्यात घुसले, तेव्हा जर्मन सैनिकांना मदतीला बोलवावे असे प्युपिएनसने सुचवले. हा आपल्याविरुद्धचाच डाव आहे, अशा संशयाने बाल्बिनसने विरोध केला, आणि दोघे वाद घालत असतानाच पकडले गेले. रक्षकांनी त्यांची वस्त्रे फाडली, छळ करत त्यांना शहरातून ओढत नेले आणि ठार मारले, असे त्या काळचा इतिहासकार हेरोडियन सांगतो.

जे नाही तेच माणूस मोठ्याने सांगतो, असे मी पूर्वी या नाण्याविषयी म्हणत असे. आज ते मला अपुरे वाटते, कारण परस्परप्रेम ही त्या दोघांची निकडीची गरज होती आणि ती त्यांना नेमकी उमगलेली होती. अन्यथा इतक्या अल्प काळात प्रेम, निष्ठा, सलोखा असे एकाच अर्थाचे इतके शब्द त्यांनी कशाला कोरवले असते? तरीही उमगणे म्हणजे आचरणे नव्हे, हा तुमचा आक्षेप शिल्लक राहतोच, आणि तो मला खोडता येत नाही.

त्याच रक्षकांनी लगेच कोवळ्या वयाच्या तिसऱ्या गॉर्डियनला गादीवर बसवले. त्याच्या सुरुवातीच्या नाण्यांपैकी एकावर लिहिले आहे: सैनिकांची निष्ठा. हे आभार होते, विनवणी होती की रक्षकांनीच पढवलेला मजकूर, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.