जेवणाच्या रांगेतला पेपर

जानेवारी उजाडला की सोलापुरात दोन गर्द्या होतात. एक होम मैदानावर, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची. दुसरी कॉलेजांच्या सभागृहांत, परिषदांची. पहिलीला संक्रांत कारण, दुसरीला मार्चअखेर. मंजूर झालेलं अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची पडलं नाही तर परत जातं. त्यामुळे दिवाळीपर्यंत निवांत असलेले विभाग एकाएकी 'राष्ट्रीय' होतात. पडद्यावर परदेशातला एखादा पाहुणा दिसला, की आंतरराष्ट्रीयच.

"तिथं जाऊन तुम्हाला मिळतं तरी काय?" हे आमच्या घरात दरवर्षी विचारलं जातं. पुरावा म्हणून दारामागच्या खुंटीकडे बोट दाखवलं जातं. भाजीच्या सगळ्या पिशव्या परिषदांच्या आहेत. 'शाश्वत विकास' लिहिलेल्या पिशवीतून मेथी येते, 'जैवविविधता'मधून कांदे-बटाटे.

सरकारी उत्तर सोपं आहे: गुण मिळतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे, म्हणजे कामगिरी मोजायचे, गुण जोडले, आणि परिषदांत पेपर (शोधनिबंध) वाचणाऱ्यांना एकदम ऊत आला. सकाळी नाव नोंदवायचं, फोल्डर घ्यायचं, दीपप्रज्वलनाला टाळ्या वाजवायच्या आणि प्रमाणपत्र कधी वाटणार याची चौकशी करत बसायचं. अशा मंडळींवर हसणं सोपं आहे, पण व्यवस्थेनं जे मोजलं ते त्यांनी आणून दिलं. त्यांचं फारसं चुकलं असं मला वाटत नाही.

खरी कमाई सुरू होते ती दहा मिनिटांच्या घड्याळापासून. चार-पाच वर्षांचं काम दहा मिनिटांत सांगायचं, आठव्या मिनिटाला सत्राध्यक्ष घंटा वाजवणार. निम्मे लोक तेव्हा प्रस्तावनेतच असतात. बाकीची पानं भराभर सरकवताना त्यांची जी तारांबळ उडते, तिच्यात त्यांना स्वतःलाच कळतं की आपला मुद्दा नेमका कोणता. मार्गदर्शकाच्या खोलीत हे कळत नाही, कारण तिथं घंटा नसते आणि बहुधा चहा असतो.

१९२७ साली ब्रुसेल्सला भौतिकशास्त्रज्ञांची पाचवी सॉल्व्हे परिषद भरली. तिचा फोटो आमच्या फिजिक्सच्या लोकांनी देवासारखा लावलेला असतो: एकोणतीस माणसं, त्यातले सतरा नोबेलवाले. पण त्या परिषदेतली गाजलेली झुंज सभागृहात कमी आणि हॉटेलातच जास्त झाली. आइन्स्टाइन सकाळी नाश्त्याला क्वांटम सिद्धांताच्या विरोधात नवं कोडं टाकायचे, त्या सिद्धांताचे वकील नील्स बोर दिवसभर डोकं खाजवून रात्रीच्या जेवणापर्यंत उत्तर घेऊन यायचे. छापील कार्यक्रमपत्रिकेत 'नाश्ता' एवढंच लिहिलेलं असणार.

२०२० मध्ये परिषदा पडद्यावर आल्या. भाषणं तीच, प्रमाणपत्र तर त्याच संध्याकाळी ईमेलवर. गेली ती फक्त जेवणाची रांग.

ही रांग काय करते ते मी केगावच्या बाजूला एका परिषदेत पाहिलं. तिकडे पुणे रस्त्यावर आमचं विद्यापीठ आहे आणि २००५ पासूनचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही, त्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याही परिषदेत डाळिंब निघतं आणि डाळिंब निघालं की तेल्या. हा जिवाणूचा रोग. पानावर, फळावर आधी तेलकट डाग पडतो, मग तो काळा होतो आणि फळ तिथंच तडकतं. पावसाळी हवा त्याला मानवते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर धरलेल्या मृग बहारात तो जास्त छळतो आणि पुष्कळ बागायतदार पाऊस सरताना धरायच्या हस्त बहाराकडे वळतात.

सकाळच्या सत्रात वनस्पतींच्या अर्कांवर एक पेपर झाला. काचेच्या डिशमध्ये अर्काच्या थेंबाभोवती तेल्याचे जिवाणू मेलेलं स्वच्छ वर्तुळ पडद्यावर दिसलं. टाळ्या पडल्या.

दुपारी रांगेत कडक भाकरी, शेंगांची चटणी, आमटी. पुण्या-मुंबईचे पाहुणे भाकरी दोन्ही हातांनी मोडू बघत होते, कुणी चपाती आहे का म्हणून विचारत होतं. विजापूरकडच्या एका प्राध्यापकांनी मात्र ती एका मुठीत चुरून आमटीत टाकली आणि शेजारच्या पीएच.डी. करणाऱ्या मुलीला म्हणाले, "ते वर्तुळ आमच्याकडं यापेक्षा मोठं पडलं होतं. बागेत काहीच नाही."

मुलीचा घास तसाच राहिला. तिचाही विषय तोच.

"का नाही, सर?"

"उन्हात अर्क टिकत नाही. उरलासुरला पाऊस नेतो."

मागं एक बागायतदार ताट घेऊन उभे होते, दुपारच्या चर्चेसाठी बोलावलेले. ते म्हणाले, "फवारलं की आभाळ येतंय ओ सर, सगळं धुऊन जातंय."

"पण तुमच्या पेपरमध्ये हे नाही," मुलगी म्हणाली. तिनं तो वाचलेला दिसत होता.

प्राध्यापक हसले. "फसलेलं कोण छापतंय?"

मग तिथंच, दहीवाल्याची वाट अडवून, तिघांची जुंपली. अर्क किती पातळ केला होता, पानाला चिकटावा म्हणून स्टिकर कुठलं घातलं, फवारणी सकाळी की संध्याकाळी. प्राध्यापकांचा हात चटणीचा, म्हणून फोन नंबर त्यांनी तोंडी सांगितला आणि तिनं डाव्या हातानं टिपला. हे सगळं कुठल्याही जर्नलमध्ये शोधून सापडलं नसतं. जर्नलमध्ये वर्तुळ येतं. धुऊन गेलेली बाग येत नाही.

दुपारच्या सत्राला तिघंही उशिरा आले. मुलीनं डिशमधले उरलेले प्रयोग पुढं ढकलले आणि त्या बागायतदारांच्या बांधाकडच्या चार झाडांवर आधी फवारून बघायचं ठरवलं. विजापूरचे सर फोनवरून तिची उलटतपासणी घेतात. अधूनमधून पंच म्हणून मलाही ओढतात, आणि भांडण बहुतेक वेळा स्टिकरवरूनच असतं.