वाचणारा एक, ऐकणारे चार

बेळगावातून खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी मी अजून पत्र लिहितो. पावसाळ्यात तिकडं फोन लागला तर लागला. शिवाय फोनवरचं बोलणं हवेत विरतं. पत्र आई उशीखाली ठेवते आणि कुणी आलं-गेलं की पुन्हा वाचून घेते.

वाचून घेते, कारण तिला अक्षरओळख नाही. वाचतो पुतण्या. तो कन्नड शाळेत. देवनागरी त्याला आली ती सहावीपासूनच्या हिंदीमुळं. घरात बोलतो मराठीच, खरं 'क्षेमकुशल' आलं की बोट ठेवून थांबतो. ऐकणाऱ्यांचा जीव तोवर टांगणीला.

म्हणून मजकुरात मी घरचंच बोलणं लिहितो. 'भात लावून झालं काय? गडी मिळाले न्हवं?' एका वाक्यात एकच गोष्ट. दादा-वहिनीच्या कुरबुरींवर चकार शब्द नाही, वाचणारा त्यांचाच मुलगा. कधी दादाला वेगळं लिहून वर 'फक्त दादासाठी' असं टाकावं, तर नेमकं तेच पाकीट आधी फुटतं.

मायना मात्र जुनाच हवा, याबाबतीत मी हट्टी आहे. 'शि. सा. न. वि. वि.' लिहिलं तर पोरगं पाढे म्हटल्यासारखं एकेक अक्षर वाचतं, म्हणून 'शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष' पुरतं लिहितो. तेवढं ऐकताना आई पदर सावरून बसते म्हणे. बाबा गेल्यावर एका पाहुण्यांच्या पत्रात तिच्या नावामागं 'गं. भा.' आलं होतं आणि पुतण्यानं तेही ठणकावून वाचलं. 'तीर्थरूप आईस' यात नवरा असण्या-नसण्याचा हिशेब कुणी मागत नाही. मला तेच बरं.

पत्ता कन्नडमध्ये, खाली पिनकोड ५९१३०२. पोस्टमन कुणीही असो, अडत नाही.

उत्तर आई सांगते, पुतण्या लिहितो. हल्ली त्यानं सोय काढली आहे: बोलणं मराठी, अक्षरं कन्नड. मोठ्यानं वाचल्याशिवाय मलाही अर्थ लागत नाही. मागच्या पत्रात गुडघेदुखी आणि म्हशीचं दूध यांच्या मधोमध क्रिकेटच्या बॅटची मागणी होती, तीही आईच्याच तोंडून: 'येताना एक चांगली बॅट घेऊन ये बाळा.'