पाणी कोण बघणार?

सासवडच्या मुक्कामी पाल ठोकून झालं, तोवर दिंडीतल्या मावशींनी विचारलं, "बाई मागं राहिल्या का?"

मी पायाला तेल चोळत होतो. मान वर न करता म्हणालो, "माघात गेली."

मावशी हंड्यापाशीच बसल्या. बराच वेळ गप्प. मग एकदम म्हणाल्या, "आता पाणी कोण बघणार?"

चार महिन्यांत भेटायला पुष्कळ माणसं आली. आत्मा अमर असतो, देवाला चांगली माणसं लागतात, वगैरे. माझ्या पोटातलं नेमकं बोलल्या त्या मावशीच.

ही हायस्कूलला विज्ञान शिकवायची. माळ कधी घातली नाही, एकादशीला पोटभर जेवायची. निवृत्त झाल्यावर माझ्याबरोबर वारीला येऊ लागली ती माझ्या साखरेपायी. आदल्या वर्षी मला वाल्ह्याच्या अलीकडं चक्कर आली होती. म्हणाली, "विठ्ठलाशी माझं काही भांडण नाही हो, भरवसा नाही तो तुमच्यावर." अशा सहा वाऱ्या झाल्या.

तिच्या पिशवीत ओटीची छोटी बाटली असायची. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. ग्रामपंचायतीत पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे. नाही झालं तर पाणी कितीही नितळ दिसो, प्यायला घ्यायचं नाही. ब्लीचिंग पावडर कालवायची, वरची निवळी पाण्यात टाकायची आणि अर्धा तास थांबायचं. दिवसभर चालून घसा कोरडा पडलेल्या बायकांना हा अर्धा तास! पहिल्या वर्षी हिला काय काय ऐकावं लागलं. टँकरवाला म्हणाला, "बाई, गंगा आहे ही गंगा." ही म्हणाली, "गंगा असती तरी तपासली असती." दोन दिवसांनी शेजारच्या दिंडीत जुलाब लागले, निम्म्या माणसांचं रिंगण हुकलं. आमची दिंडी ठणठणीत. तेव्हापासून नळी उजेडाला धरायचा मान मावशींचा.

दिवे घाट मात्र तिच्याबरोबर चढणं म्हणजे शिक्षा. टाळ-मृदंगाचा गजर, माणसांचा लोट, आणि ही कडेला जाऊन घाट कापलेल्या कातळाला हात लावून उभी. "अहो, जरा थांबा." काळ्या दगडात भोकं, भोकांत पांढरे स्फटिक. हा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्यातल्या वाफेच्या बुडबुड्यांत नंतर पाण्यानं हे खडे भरले, असं ती सांगत होती. तेवढ्यात मागून आलेल्या एका बाबांनी त्याच जागी डोकं टेकलं. मग दुसऱ्यानं. वाटलं असेल, काहीतरी स्थान आहे. मी हिच्याकडं बघितलं, आता ही शिकवणार. तर म्हणाली, "वय बघता नमस्काराला हरकत नाही."

यंदा घाटात मीच त्या कातळापाशी थांबलो. दुसरा-तिसरा कुठला असेल तर माहीत नाही, मला सगळे दगड सारखेच.

मुलगी तिच्यावर गेली आहे. ती लहान असताना आमच्या कुंडीतल्या लिंबावर अळ्या पडल्या. मी फवारा आणला, हिनं तो माळ्यावर टाकला. आधी पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या पुढं हिरव्यागार झाल्या, झाडावर पान राहिलं नाही. मुलगी कोषाशेजारी उशी घेऊन झोपली. सकाळी फुलपाखरू बाहेर येताना हिनं तिला उठवलं, मला नाही. बरेच दिवस मला त्याचा राग होता.

लोणंदला मुलीचा फोन आला. ओटी आणलीय म्हटल्यावर म्हणाली, "बाबा, आधी बाटलीवरची तारीख बघा." तारीख पुसली होती. "मग नक्की क्लोरीन असलेल्या पाण्यावर टाकून बघा. पिवळं झालं तर बाटली चांगली." आरोग्य खात्याच्या पथकापाशी गेलो, त्यांनी तिथंच क्लोरीन घातलेलं पाणी दिलं. पिवळं झालं. इतकी वर्षं हिच्या शेजारी बसून बघितलं, पण बाटलीचीही परीक्षा घ्यायची असते हे मला सुचलं नसतं.

तरडगावला टँकर आला. माझा हात थरथरत होता, दोन थेंब बाहेरच पडले. मावशींनी नळी धरली. पांढरं, स्वच्छ पाणी. काहीच रंग नाही. "थांबा गं सगळ्या," मावशी ओरडल्या, आणि एवढ्या मोठ्या पाठच्या रांगेतून एकही बाई कुरकुरली नाही. मी पावडर कालवली, निवळी काढली. अर्ध्या तासानं नळी पुन्हा धरली, तळापासून वर हळूहळू पिवळा चढत गेला.

पंढरपुरात वाळवंटात उतरलो तेव्हा ओळखीच्या एकानं विचारलं, "अस्थी आणल्यात ना?" अस्थी नव्हत्याच. हिनं देहदानाचा फॉर्म कधीच भरून ठेवला होता. आजारपणात स्वतःचे रिपोर्ट स्वतः वाचून, कागदावर आकृती काढून तिनं मुलांना काय होणार ते समजावलं, तसंच हेही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या कागदावर सही करताना माझं पेन अडलं होतं. मनात म्हटलं, नदीत सोडायला चिमूटभर राखसुद्धा ठेवली नाहीस.

"मग तिची एखादी वस्तू तरी सोडा," तो म्हणाला.

पिशवीत वस्तू होती. बाटली काढली, बूच उघडलं, गुडघाभर पाण्यात गेलो. आणि आठवलं, ओटीत ॲसिड असतं. चंद्रभागेत ओतलं असतं तर हिनं मला तिथंच झापलं असतं, चारचौघांत, शाळेतल्या आवाजात.

बूच घट्ट लावून बाटली परत पिशवीत टाकली. अजून निम्मी आहे. पुढच्या वर्षी नवी घ्यावी लागेल, तारखेची.